माझ्या नावावर गेलेला माणूस

मला कुणी नावानं हाक मारलेली खपत नाही. घरात दादा म्हणतात, बाहेर काका म्हणतात, ते चालतं. दवाखान्यात कंपाउंडर माझं पूर्ण नाव पुकारतो तेव्हा मी उठत नाही. तो तीनदा ओरडतो, मग चिडतो, मग बाजूचा कुणीतरी मला ढोसतो. चिडू दे मेल्याला. हे नाव मी एकदा दुसऱ्याला दिलं होतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

आम्ही परळला गिरणीच्या चाळीत राहायचो. आई आणि मी. वडील रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते, ते खोकत खोकत गेले आणि त्यांच्या जागी मी लागलो. शेजारच्या खोलीत कोकणातली दहा-बारा माणसं दाटीवाटीनं राहायची, त्यांतला एक माझ्याच वयाचा. मालवणकडचा. बायको आणि तान्ही मुलगी गावाला. आम्ही बौद्ध, तो मराठा, पण आईच्या हातची सुकटीची चटणी खायला तो उंबरा ओलांडून सरळ चुलीपाशी यायचा. आई त्याला रागवायची, "अरे, तुझ्या गावात कळलं तर?" तो म्हणायचा, "गावात सांगाक कोण जातला?" आणि आणखी एक भाकरी मागून घ्यायचा.

गिरणीत तो बदली होता. म्हणजे कायमची नोकरी नाही. पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं आणि आत कुणी कमी पडलं तर घेतील तेव्हा जायचं. माझे खाडे फार व्हायचे, कारण मी जात्या आळशी. नोकरी जायची पाळी आली की तो माझ्याच पासवर आत जायचा. मुकादम हजेरी घेताना माझं नाव पुकारायचा आणि तो छाती काढून "हजर" म्हणायचा. सगळ्या खात्याला माहीत होतं. मुकादम तर हसायचा, म्हणायचा, हा तुझ्यापेक्षा चांगला तू आहे. आम्हाला त्यात लबाडी वाटत नव्हती. गिरणीत असंच चालायचं, एकाचं नाव आणि दुसऱ्याचे हात.

मग संप आला. पहिले दोन महिने मजेत गेले, मोर्चे, घोषणा, गेटवर बसून पत्ते. चौथ्या महिन्यात आईनं पितळेचा हंडा विकला आणि मला काहीच सांगितलं नाही. मला कळलं, कारण कोपरा रिकामा दिसला.

लालबागच्या बाजारात आई जिच्याकडून सुके बोंबील घ्यायची ती मावशी कफ परेडच्या मच्छीमार नगरातली. तिचा नवरा तांडेल, म्हणजे बोट चालवणाऱ्यांचा म्होरक्या. त्या हंगामात तो सौराष्ट्राकडच्या एका मोठ्या बोटीवर जाणार होता आणि त्याला एक माणूस कमी पडत होता. आई म्हणाली, माझा मुलगा पाठवते. मी रेशनकार्ड घेऊन मच्छीमार नगरात गेलो. तांडेलानं बंदरावरच्या पाससाठी माझं नाव, वडलांचं नाव, चाळीचा पत्ता उतरवून घेतला. दोरीवर बोंबील वाळत होते, पलीकडे पाणी हलत होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

पुढची कित्येक वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की मला तेव्हा कावीळ झाली. कावीळबिवीळ काही झाली नव्हती. मी भ्यालो. मला पोहता येत नव्हतं आणि समुद्र बघून माझी पाचावर धारण बसली.

शेजारच्या मालवणवाल्यानं ते बरोबर ओळखलं. गॅलरीत कठड्याला टेकून तो म्हणाला, "अरे, तू ऱ्हव हय. मी जातंय तुझ्या नावार. माका समुद्र काय नवीन?" त्याचं नाव गावच्या रेशनकार्डावर, मुंबईत त्याच्याकडे चिटोरासुद्धा नव्हता. तांडेलाला विचारलं तर तो म्हणाला, "कागदाला नाव पायजे, जाळ्याला हात पायजे. दोन्ही मिळाले ना?" निघताना त्यानं माझा जुना स्वेटर नेला. आईनं त्याच्याबरोबर भाकऱ्या बांधून दिल्या. मी खाली रस्त्यापर्यंतसुद्धा गेलो नाही, कारण मला कावीळ होती ना!

महिना-दीड महिन्यानं मावशी रडत आली. इंजिन बंद पडलं, बोट वाहावत गेली आणि पाकिस्तानच्या गस्तीच्या बोटीनं धरली. बोटीवरची पाचही माणसं कराचीच्या तुरुंगात. चाळीतले जाणते म्हणाले, घाबरायचं कारण नाही, आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. लढाई होऊन दहाएक वर्षं झाली होती. दोन्हीकडचे मंत्री एकमेकांकडे जेवत होते, मुंबईत त्यांची वकिलात पुन्हा उघडली होती, दोन्ही सरकारं एकमेकांना पकडलेल्यांच्या याद्या देत होती. चार-सहा महिन्यांत सोडतील, असं सगळेच म्हणाले. मीही तेच धरून बसलो.

आता ती दुपार.

संपात पोलीस कधीही यायचे आणि पोरं उचलून न्यायचे. चाळीचा एक ठरलेला रिवाज होता. कुणाचंही नाव घेऊन पोलीस आला की सगळ्या मजल्यानं एकच सांगायचं : तो इथंच होता, कुठं गेला नाही, घरातून हललासुद्धा नाही. त्या दुपारी एक हवालदार कागद घेऊन आला आणि त्यानं माझं नाव विचारलं. आई दारातच होती. "इथंच आहे माझा मुलगा. चार महिने झाले, घराबाहेर पडला नाही." समोरची म्हातारी म्हणाली, "शपथ घेते मी." नळावरच्या बायका म्हणाल्या, रोज बघतो आम्ही त्याला. मी आतून बाहेर आलो. हवालदारानं वडलांचं नाव विचारलं, मी सांगितलं. या वर्षात मुंबईबाहेर गेला होतास का, विचारलं, मी नाही म्हणालो. तो हसला. म्हणाला, "मग बरं आहे, कर इथं सही." मी सही केली. तो गेल्यावर सगळ्या मजल्यानं चहा केला, कारण एक पोरगा वाचला होता.

कागद इंग्रजीत होता. पण मला तोंड होतं ना? "साहेब, कशाबद्दल आहे?" एवढं विचारायला काय झालं होतं? मला वाटलं, गेटवरच्या दगडफेकीचं असणार. विचारलं तर उगाच लफडं वाढेल. मी आयुष्यात जे काही केलं त्यात ही सही सगळ्यात खरी होती आणि तिनंच घात केला.

गणपती होऊन पावसाळा संपला आणि बातमी आली की दोन देशांची बोलणी यशस्वी झाली, मच्छीमार सुटले. मावशी आमच्याकडे आली. डोक्यावर टोपली नव्हती. दारातच बसून ती म्हणाली, "आमचे आले. चौघं आले. तुमचा नाय आला."

तिच्या नवऱ्यानं तिला जे सांगितलं ते तिनं आम्हाला सांगितलं. तुरुंगाच्या आवारात पाचही जणांना उभं केलं आणि हिंदुस्थानातून आलेला कागद वाचला. चौघं आमची माणसं आहेत, पाठवा. पाचव्या नावाचा माणूस चौकशी केली तेव्हा मुंबईत स्वतःच्या घरी सापडला, सबब हा आमचा नाही. मग त्यांनी त्याला विचारलं, तू कोण? त्यानं घाबरून आपलं खरं नाव सांगितलं, गाव सांगितलं. झालं! मच्छीमाराला दोन नावं कशाला लागतात, हा हेरच! त्याला बाकीच्यांपासून वेगळं काढलं आणि पुढं त्याचं काय केलं ते तांडेलानं बायकोलाही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की काही दिवसांनी तो दुरून दिसला, तेव्हा शिपाई माझ्या नावानं हाक मारत होता आणि तो ओ देत होता.

आई माझ्याकडे बघत राहिली. ती हवालदाराशी बोलली होती, तीही त्यात होती. त्या दिवसापासून तिनं सुकटीची चटणी करणं बंद केलं.

त्याची बायको गावाहून आली, वर्षभराची मुलगी काखेत घेऊन. तिला एवढंच माहीत होतं की चौघं सुटले आणि आपला राहिला. शेजारच्या खोलीतली माणसं संपामुळे गावी पांगली होती, तिथं ती राहिली आणि डबे करून देऊ लागली. ती मला भावजी म्हणायची, मी तिला वहिनी. "भावजी, पेपरात काय आलंय का?" रोज विचारायची. मी रोज पेपर वाचून दाखवायचो. परराष्ट्र सचिव भेटले, हातात हात घेतले, वातावरण चांगलं होतं. खरं काय ते मी तिला वर्षभर सांगितलं नाही. मी भित्रा होतो, दुसरं काय सांगू? तिनं वाढलेलं जेवायचो आणि वर मान करायचो नाही.

मग पत्र आलं. तुरुंगातून, कुठकुठून फिरत, पाकिटावर दोन देशांचे शिक्के. पाठवणारा म्हणून माझं नाव. पत्ता आईचा. वहिनीला वाचता येत नव्हतं, मुलीला मांडीवर घेऊन ती समोर बसली आणि मी वाचलं.

"आईस जय भीम. मी खुशाल आहे. स्वेटर अजून टिकून आहे. शेजारच्या वहिनीला सांग, काळजी करू नको, तिचा मालक येईल. शेजारच्या मुलीला दात आले का? ती चालते का? मला उगाच आठवण येते, शेजारची असली तरी."

वहिनीनं मला थांबवलं. "हे त्यांनीच लिहिलंय?"

मी हो म्हणालो.

"मग मी शेजारीण कधीपासून झाले?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. कावीळ नव्हती इथपासून सहीपर्यंत. ती रडेल, मला मारील, चाळ गोळा करील असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं मुलीला खाली ठेवलं आणि म्हणाली, "आता जा आणि खरं सांगून या. ते येईपर्यंत जात राहा."

मी जात राहिलो. पण जायचं कुठं हेच कळत नव्हतं. एका वकिलानं गिरगावात फणसवाडीतल्या एका निवृत्त गृहस्थांकडे पाठवलं. परराष्ट्र खात्यात होते. लढाई सुरू झाली तेव्हा ते पाकिस्तानातल्या आपल्या कचेरीत होते, तिथंच अनेक दिवस कोंडून राहिले, मग परत आले. आणि पुढं संबंध सुरू झाले तेव्हा कचेरी पुन्हा उघडायला गेलेल्या पहिल्या माणसांत तेही होते. पांढरंशुभ्र धोतर, चाळीतलीच खोली, पण बोलणं पुस्तकासारखं.

मी माझं रडगाणं गायलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हाला वाटतं, युद्धानंतर देश मंत्र्यांच्या भेटींनी जवळ येतात. तसं नसतं हो. आम्ही गेलो तेव्हा कचेरीच्या कुलपाची किल्लीदेखील सापडत नव्हती. पहिल्या बैठकीला माझ्यासमोर त्यांचा एक कारकून बसला. त्याचा भाऊ लढाईत गेला होता. माझा पुतण्या गेला होता. दोघंही बोलेनात. शेवटी मी माझी यादी पुढे सरकवली, त्यानं त्याची. मी एक नाव वाचायचं, त्यानं मान हलवायची, मग त्यानं वाचायचं. असे आम्ही पुन्हा बोलायला लागलो."

मग चष्मा काढून म्हणाले, "त्या याद्यांवर दोघांचा विश्वास आहे. बाकी कशावरही नाही. आता आपण त्यांना कळवायचं की आम्ही नाकारलेला माणूस आमचाच आहे. ते म्हणतील, मग तुमचा कोणता कागद खरा? आपलीच माणसं ते लिहायला कचरतील. आणि तुमची पंचाईत अशी की तुम्ही खोटं बोलला असतात तर एक वेळ निस्तरता आलं असतं. तुम्ही खरंच घरी होता."

त्यांनी अर्ज लिहून दिला. माझ्यावर खटला होईल असं बजावलं. मी म्हणालो, होऊ दे, फाशी देऊ दे. ते म्हणाले, "नाटकं करू नका, सही करा." या वेळी मी वाचून सही केली.

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते मला नीट सांगता येत नाही. संप संपला असं कुणी म्हणालंच नाही, तो नुसता विरत गेला. गिरणी बंदच राहिली. मी दादरला एका कापडाच्या दुकानात लागलो. वहिनीच्या गावी चौकशी झाली, तिकडच्या फौजदारानं लिहून दिलं की या नावाचा माणूस खरोखर होता आणि तो घरी नाही. कागद दिल्लीला गेला. मग सीमेवर काहीतरी घडलं आणि बोलणी बंद. दोन वर्षांनी सुरू झाली, पुन्हा अर्ज. मग आणखी काही घडलं आणि मुंबईतल्या त्यांच्या वकिलातीला कुलूप लागलं. लोक पेपरात क्रिकेट बघायचे, मी कोण कुणाला भेटलं ते बघायचो. दोन पुढाऱ्यांनी एकमेकांना हसून नमस्कार केला की माझ्या घरी त्या दिवशी गोड व्हायचं. कुणी मूठ आपटून भाषण केलं की वहिनी भांडी आपटायची. कुणाचं कुठं बिनसलं की आमच्या गॅलरीत चूल पेटायची नाही.

पत्रं आणखी तीन आली. दुसऱ्या पत्रात शेजारच्या मुलीला शाळेत घातलं का, असं विचारलं होतं. तिसऱ्यात आईच्या गुडघ्यांची चौकशी होती. शेवटच्या पत्रात शेजारणीचा उल्लेखच नव्हता. नुसती आई, आणि परळ, आणि लहानपणी वडलांनी मला राणीच्या बागेत नेलं होतं ती हकिकत. माझे वडील, माझी राणीची बाग. मीच त्याला कधीतरी पाळीवरून येताना सांगितलेली. मी वाचता वाचता थांबलो. वहिनीनं विचारलं, "पुढं?" मी म्हणालो, संपलं.

त्यानंतर मला भीती वाटायला लागली. रोज दाढी करताना वाटायचं की आरशातला माणूस आता विचारील, तू कोण? आई जेवायला हाक मारायची तेव्हा वाटायचं, दोन आवाज ओ देतील. थट्टा वाटेल, पण मी आईला सांगितलं, मला नावानं हाक मारू नको. तिनं कारण विचारलं नाही.

फणसवाडीचे गृहस्थ वारले. शेवटचं भेटलो तेव्हा म्हणाले होते, वारं फिरतंय, अर्ज घालून ठेवा. वारं फिरलं. दोन्ही देशांनी एकमेकांची माणसं सोडायचं ठरवलं आणि त्या यादीत त्याचं नाव आलं. त्याचं स्वतःचं, गावच्या रेशनकार्डावरचं नाव. वहिनीनं तो कागद माझ्या हातून घेतला, तिला वाचता येत नव्हतं तरी बघत बसली. मुलगी तेव्हा दहावीत होती.

बॉम्बे सेंट्रलला सकाळच्या गाडीनं सुटलेली माणसं आली. हार होते, ताशा होता, फोटोवाले होते. मच्छीमार नगरातून मावशी आणि तांडेलही आले होते, दोघंही म्हातारे झालेले. आई खांबाला टेकून उभी होती. माणसं उतरत होती आणि त्यांच्या गळ्यात त्यांची माणसं पडत होती. आमचा कुठं दिसेना. मग तांडेलानं बोट दाखवलं. बाकावर एक वाळलेला माणूस पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, केस पांढरे, नजर जमिनीवर.

वहिनी जागची हलेना. मुलगी तिच्यामागे लपली. मी पुढं झालो आणि त्याच्या नावानं हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्यांदा, खरं नाव. त्यानं वर बघितलं नाही. आणखी जवळ जाऊन पुन्हा मारली. शेजारचा माणूस वळला, तो नाही वळला. मी तिसऱ्यांदा मारली. आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तसं नको. तुझं नाव घे."

मी माझं नाव घेतलं. वडलांच्या नावासकट, मुकादम घ्यायचा तसं.

तो ताडकन उभा राहिला. पिशवी खाली पडली. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, माझ्याकडे न बघता, समोर बघून तो म्हणाला, "हजर."

त्या गोष्टीलाही आता बरीच वर्षं झाली. आई गेली. चाळ अजून आहे, गिरणीच्या जागी उंच इमारत आहे. माझ्यावर खटला कधी झालाच नाही, कुणी विचारायलासुद्धा आलं नाही. तो शेजारच्या खोलीत असतो. त्याला हळूहळू बरंच आठवलं, गाव आठवलं, जाळं विणायला आठवलं, मुलीच्या लग्नात तो अंतरपाटापाशी नीट उभा राहिला. पण त्याच्या नावाला तो अजून ओ देत नाही. डॉक्टर झाले, नवस झाले. तो ऐकतो आणि कुणा दुसऱ्याला बोलावतायत असं समजून बाजूला होतो.

वहिनीनं जन्मात कधी नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. त्यांच्याकडे बायका घेत नाहीत. त्याचं नाव घ्यायचं म्हणजे तिला जीभ जड व्हायची. माझं घ्यायला तशी काही अडचण नव्हती.

संध्याकाळी भात झाला की ती गॅलरीत येते आणि माझ्या नावानं हाक मारते. आतून आवाज येतो, "हजर." मी माझ्या दारात बसलेला असतो. ती माझ्याकडे बघत नाही आणि मी ओ देत नाही.